ब्लू मून आणि आपला धोंड्याचा महिना

ऑगस्ट २०२३ च्या शेवटी ‘आज दिसणार निळा चंद्र’ अशा मथळ्यांसोबत गडद निळे केलेले फोटो मोबाइलवर फिरत होते. गच्चीवर गेलेल्यांना दिसला तो नेहमीचाच पिवळट-पांढरा चंद्र. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. रंगाचा काही संबंध नाही.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अगदी क्वचित. ‘हल्ली तो वन्स इन अ ब्लू मून गावी येतो,’ असं आपणही बोलून जातो. वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकापासूनचा. दुसऱ्या पौर्णिमेला ते नाव चिकटलं १९४६ मध्ये, ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकातल्या एका लेखात जुन्या अमेरिकी पंचांगाचा नियम चुकीचा लावला गेला म्हणून.

पण क्वचित म्हणजे किती? खरी गंमत इथे आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. अशा १२ फेऱ्यांचे होतात ३५४ दिवस, वर्ष मात्र ३६५ चं. दरवर्षी ११ दिवस उरतात आणि साठत जातात. १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८, पौर्णिमा २३५. घरं २२८ आणि पाहुण्या २३५. किमान सात जणींना दुसरीच्या घरात शिरावंच लागणार!

याच ११ दिवसांचा हिशेब आपलं पंचांग अधिक महिन्याने मिटवतं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. १९ वर्षांत असे महिनेही सातच. २०२३ च्या ऑगस्टमधली पहिली पौर्णिमा अधिक श्रावणाची होती, तर ३१ मे २०२६ चा ब्लू मून म्हणजे अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा. जावयाच्या ताटातले अनारसे आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीतला तेरावा महिना, दोन्ही या साठलेल्या दिवसांचेच. उरलेल्या दिवसांच्या बेरजेला अशुभ ठरवून लग्नं पुढे ढकलण्यात काहीही अर्थ नाही.

म्हणूनच ब्लू मूनचं भाषांतर ‘कपिलाषष्ठीचा योग’ असं केलेलं मला पटत नाही. त्यासाठी तिथी, वार, नक्षत्र, योग असं सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं, त्याला अनेक दशकं जातात. ब्लू मून अडीच-तीन वर्षांनी येतोच.

खरोखरचा निळा चंद्रही दिसलेला आहे. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडवर आला. धुराचे कण जवळपास एकाच आकाराचे, साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे होते. असे कण निळ्यापेक्षा लाल प्रकाश जास्त विखुरतात, म्हणजे लाल वाटेतच पांगतो आणि डोळ्यापर्यंत निळा जास्त पोहोचतो. त्यामुळे तिथे दिवसा सूर्य निळा दिसला आणि रात्री चंद्रही.