जाकार्ता बुडत नाही, खचतंय

‘समुद्र चढतोय म्हणून जाकार्ता बुडतंय’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही. समुद्र चढतोय हे खरंच आहे. बर्फ वितळतो, तापलेलं पाणी फुगतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण जागतिक सरासरीने तो वर्षाला साधारण ४ मिलिमीटर चढतो. उत्तर जाकार्तात काही ठिकाणी जमीन वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त खाली गेली आहे, म्हणजे पंचवीस पट. भिंतीवर पाण्याची खूण वर सरकलेली दिसते, पण सरकलं पाणी की भिंत, हे ती खूण सांगत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

जमीन का खचते? नळ पोचला नाही, नद्या घाण, म्हणून घरोघरी, हॉटेलांत, कारखान्यांत बोअर मारले गेले. शहराखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. चिकणमातीचे कण चपटे असतात. डब्यात उभे-आडवे कोंबलेले पापड डोळ्यांपुढे आणा. मधल्या फटींतलं पाणी वरचा भार पेलून धरतं. बोअरने वाळूतलं पाणी ओढलं की चिकणमातीतलंही हळूहळू तिकडे झिरपतं आणि कण एकमेकांवर आडवे बसतात. पुढे कितीही पाऊस पडो, ते पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून जमीन म्हणजे स्पंज ही उपमा मला अजिबात पटत नाही, कारण स्पंज परत फुगतो.

इमारतींच्या वजनानेही माती दबते, पण त्याचा वाटा लहान.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, कारण उपाय वेगळे आहेत. जगाने उद्या धूर सोडणं थांबवलं तरी जाकार्ताचे बोअर चालूच राहतील. उलट टोकियोचा कोतो भाग विसाव्या शतकात चार मीटरहून जास्त खचला; १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या उपशाला लगाम घातला आणि सत्तरच्या दशकात खचणं जवळजवळ थांबलं. गेलेली उंची मात्र परत आली नाही. कोतोचे काही भाग आजही भरतीच्या पातळीखाली आहेत, बांध आणि पंपांच्या भरवशावर.

जाकार्तात मुआरा बारूला समुद्राच्या भिंतीबाहेर एक सोडून दिलेली मशीद पाण्यात उभी आहे. ती भिंतही त्याच खचणाऱ्या जमिनीवर बांधलेली आहे.