बी-१ कंत्राट : काम बदलल्यास किंवा थांबल्यास मिळणारी भरपाई

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागात काम बदलले किंवा बंद पडले, तर कंत्राटदाराला किती रक्कम मागता येते हे प्रामुख्याने बी-१ या निविदा नमुन्यातील (अंदाजित किमतीपेक्षा किती टक्के कमी-जास्त हे सांगून निविदा भरण्याचा छापील करार) खंड १४, १५ आणि ३८ यांवर ठरते.

वाढीव परिमाण : निविदेतील परिमाणे, म्हणजे प्रत्येक बाबीचे काम किती होईल याचे आकडे, अंदाजित असतात. एखादी बाब २५ टक्क्यांपर्यंत वाढली तरी दर निविदेचाच राहतो. त्यापुढील वाढीची किंमत ५,००० रुपयांवर गेली, तर नवा दर चालू दरसूचीवरून (विभागाची ठरीव दरांची यादी) काढतात. सूचीत दर नसेल तर बाजारभावावरून. समजा, १,००० घनमीटर खोदाई धरली होती आणि प्रत्यक्षात १,६०० झाली. १,२५० घनमीटरला निविदा दर, उरलेल्या ३५० ला नवा दर. निविदा अंदाजित किमतीपेक्षा १२ टक्के कमी दराने भरलेली असेल तर या नव्या दरातूनही १२ टक्के वजा होतात, आणि हिशेब इथेच बहुधा चुकतो.

जादा बाबी : जी बाब निविदेत नाही आणि दरसूचीतही नाही, तिचा दर आदेश मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावा लागतो, सोबत दर पृथक्करण (दर कसा आला याचा तपशीलवार हिशेब) असलेले बरे. दर ठरण्याआधीच काम सुरू केले, तर तोवरच्या कामाला अभियंता ठरवील तोच दर मिळतो. वादात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. साइटवरच्या तोंडी सूचनेवर सुरू केलेले काम मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापे लिहिण्याची सरकारी वही) चढले तरी त्याचा दर अडकून पडतो.

काम थांबवणे : खंड १५ चा मूळ सूर ‘भरपाई नाही’ असाच आहे; अपवाद मोजके आहेत. सलग ३० दिवसांहून अधिक किंवा एकूण ६० दिवसांहून अधिक काम थांबवायला लावले, तर पडून राहिलेली यंत्रे आणि द्यावी लागलेली मजुरी यांचे नुकसान मागता येते. अर्ज काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. पहिले ३० दिवस मात्र धरत नाहीत : ७५ दिवस थांबलेल्या कामाचा दावा ४५ दिवसांचाच. हजेरीपट आणि यंत्रांची लॉगबुके त्याच काळात लिहिलेली नसतील, तर दावा टिकत नाही. संपूर्ण काम सलग ९० दिवसांहून अधिक बंद राहिले, तर पुढच्या ३० दिवसांत १० दिवसांची नोटीस देऊन उरलेल्या कामातून बाहेर पडता येते.

पडून राहिलेले साहित्य : काम बंद करण्याच्या नोटिशीपूर्वी खरेदी केलेले किंवा मागणी नोंदवलेले साहित्य शासनाने घ्यावे, अशी मागणी त्या नोटिशीपासून ९० दिवसांत कागदपत्रांसह करता येते. दर अभियंता ठरवतो. तो खरेदी किमतीपेक्षा जास्त नसतो.

बुडालेला नफा वरील खंडांतून मिळत नाही. शासनानेच करारभंग केला असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली तो मागता येतो. ए. टी. ब्रिजपाल सिंग वि. गुजरात राज्य (१९८४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के नफा ग्राह्य धरला.