वूश्या आणि श्यानश्या: दुबळा पोरगा बलाढ्य होतो त्या दोन वाटा

पाइनच्या झाडासमोर एक पोरगा उभा आहे आणि तळहाताने बुंध्यावर फटके मारतो आहे. दर फटक्याला झाड गदगदा हलतं, फांद्या सळसळतात, आणि पोराला वाटतं आपल्याला जमलं. मागून गुरू विचारतो, हे काय, खारी पाडायचा उद्योग चाललाय का? मग समजावतो: झाड हललं म्हणजे तुझा जोर त्याने झटकून टाकला. आधी झाड न हलवता मारायला शीक, मग ते एका फटक्यात मोडेल.

हा ग्वो जिंग. जिन योंग यांच्या 1957 ते 1959 मध्ये हाँगकाँगच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापून आलेल्या कादंबरीचा नायक. मंगोलियाच्या गवताळ माळावर वाढलेला, बापाचं तोंड न पाहिलेला, डोक्याने मंद. सात गुरूंनी जीव तोडून शिकवलं तरी एक डाव धड बसेना.

आता दुसरा पोरगा. खेडेगावातला, सावळा, चारचौघांत उठून न दिसणारा. त्याला वाटेत एक छोटी हिरवी कुपी सापडते. रात्री ती उघड्यावर ठेवली की चांदण्यातले प्रकाशाचे कण तिच्याभोवती गोळा होतात आणि काही रात्रींनी आत एक हिरवा थेंब जमतो. तो पाण्यात कालवून औषधी झाडाला घातला की ज्या मुळीला पिकायला वर्षानुवर्षं लागतात ती बघता बघता पिकते. हा हान ली. 2008 मध्ये चीनमधल्या छीत्येन या संकेतस्थळावर सुरू झालेल्या आणि दोन हजारांहून जास्त प्रकरणं चाललेल्या कादंबरीचा नायक.

दोघांची गोष्ट एका वाक्यात सांगायची तर सारखीच होते: कुणी विचारत नव्हतं असा पोरगा पुढे असा होतो की त्याच्या नावाने लोक थरथरतात. म्हणूनच मोबाइलवर चिनी ॲनिमेशन बघणारे आणि इंग्रजी भाषांतरं वाचणारे आपल्याकडचे बरेच जण दोन्हींना सरसकट 'कल्टिव्हेशन', म्हणजे साधनेने बळ वाढवण्याच्या कथा, म्हणून मोकळे होतात. पण पहिली वूश्या आहे आणि दुसरी श्यानश्या. एकीची अपेक्षा ठेवून दुसरी वाचायला घेतली तर हमखास हिरमोड होतो, आणि या दोन्हींवर माझं मनापासून प्रेम असल्यामुळे तो हिरमोड मला बघवत नाही.

आधी नावं बघू. 'श्या' दोन्हींत सारखा: दुबळ्यांच्या बाजूने हत्यार उचलणारा, शब्दाला जागणारा वीर. 'वू' म्हणजे युद्धकला. 'श्यान' म्हणजे अमर झालेला सिद्ध, आणि त्याचं चिनी अक्षर माणूस आणि डोंगर या दोन खुणा शेजारी ठेवून लिहितात. माणसांतून उठून डोंगरावर गेलेला माणूस. अर्धा फरक त्या अक्षरातच दिसतो.

घोळ होतो तो बाहेरच्या सारखेपणामुळे. दोन्हीकडे लांब झगे, तलवारी, डोंगरावरचे पंथ, गुरुबंधू, वैर, आणि शरीरात खेळणारी 'ची' नावाची प्राणशक्ती. दोन्हीकडे माणसं हवेत दिसतात. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (2000) बघितलेल्यांना बांबूच्या शेंड्यांवर झुलत झालेली लढाई आठवत असेल. तो सिनेमा वूश्याच. ओळखायचं कसं? पायाखाली बघा. वूश्यातला वीर कौलाला, फांदीला, पाण्याला निदान अंगठा टेकवतो, कारण त्याने शरीर हलकं करायची विद्या घोटलेली असते. श्यानश्यातला साधक उडत्या तलवारीवर उभा राहतो आणि दुसऱ्या देशात उतरतो.

पण खरा फरक बळ येतं कुठून आणि थांबतं कुठे, यात आहे.

ग्वो जिंगचं बळ माणसांकडून येतं. सात गुरू त्याच्यासाठी आयुष्याची अठरा वर्षं खर्ची घालतात, कारण त्यांनी पैज घेतलेली असते आणि शब्द मोडायचा नसतो. मग मा यू नावाचा ताओपंथी साधू येतो आणि दोन वर्षं रोज रात्री कड्यावर बसवून त्याला फक्त श्वास घ्यायला आणि निजायला शिकवतो. होंग छीगोंग हा भिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या पट्टीचा खवय्या, म्हणून ग्वो जिंगची प्रेयसी ह्वांग रोंग त्याला एकेक पदार्थ रांधून घालते आणि त्या बदल्यात ग्वो जिंगला एकेक पंजा शिकवून घेते. आपल्याकडच्या तालमीत वावरलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल: वस्ताद, मेहनत, एकच डाव हजारदा घोटून घेणं. आयतं काहीच मिळत नाही असं मात्र नाही. ग्वो जिंग एका अजगराचं औषधी रक्त पितो आणि त्याच्या अंगात ताकद येते. पण नुसत्या ताकदीने तो कुणाला जिंकत नाही.

झाडावर घोटलेल्या त्या डावाचं नाव 'चढेल ड्रॅगनला पश्चात्ताप' असं काहीसं आहे आणि ते ई-चिंग या प्राचीन ग्रंथातून घेतलेलं आहे. त्याचं मर्म ग्वो जिंगला हळूहळू उमगतं: दहा हिस्से जोर बाहेर टाकायचा आणि वीस हिस्से स्वतःजवळ राखायचा. मला हा सगळ्या वूश्याचा गाभा वाटतो. हुशार पोरं फटका जोरात कसा मारायचा ते पटकन शिकतात. राखायचं कसं, हे या मंद पोराला त्यांच्याआधी कळतं.

हान लीचा गुरू शिष्याचं शरीर बळकावून स्वतः त्यात शिरायच्या बेतात असतो. दोन वाटांमधली दरी इथेच दिसते. गंमत म्हणजे ही कादंबरी सुरू होते वूश्यासारखी: एक साधा लढाऊ पंथ, जडीबुटीवाला म्हातारा वैद्य, डाव-प्रतिडाव. आपण गिरवतोय तो श्वासाचा पाठ कुस्ती-तलवारीच्या जगातला नव्हेच, हे हान लीला फार उशिरा कळतं. वाचकालाही तेव्हाच. ज्यांना दोन प्रकारांची सीमा एकाच पुस्तकात ओलांडून बघायची आहे त्यांनी त्याचा पहिला भाग वाचावा.

सीमेपलीकडे शिडी सुरू होते. आधी ची गोळा करायची. मग पाया घालायचा, ज्याला भाषांतरांत 'फाउंडेशन' म्हणतात. मग ओटीपोटात सुवर्णगोळा, म्हणजे 'गोल्डन कोअर'. मग तो फोडून जन्मणारं आत्म्याचं बाळ, 'नेसंट सोल'. पुढच्या पायऱ्या लेखकागणिक बदलतात. दर पायरीला आयुष्य वाढतं, शेकड्यांनी, मग हजारांनी. चढायला गोळ्या लागतात, गोळ्यांना मुळ्या, मुळ्यांना काळ, आणि तो काळ हान लीच्या कुपीत आहे. त्याची जन्मजात पात्रता सामान्यांतही खालची, त्यामुळे इतरांचं एका गोळीत भागतं तिथे त्याला मूठभर लागतात. वूश्यात दुबळा माणूस युक्तीने बलाढ्याला लोळवतो आणि आपण मान डोलावतो. इथे दोन पायऱ्या वरच्याशी भिडणं म्हणजे मरणच, म्हणून हान ली सतत पळतो, लपतो, हिशेब करतो. मला त्याचं हे घाबरट शहाणपण फार आवडतं.

ही शिडी कादंबरीकारांनी हवेतून काढलेली नाही. ताओ पंथात देहाच्या आत रसायन घडवण्याची खरीखुरी साधना होती. नाभीखालच्या जागेला 'दानथ्येन' म्हणतात, म्हणजे शब्दशः हिंगुळाचं शेत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. चौथ्या शतकात गे होंग या विद्वानाने अमरत्वाच्या गोळ्यांच्या कृती लिहून ठेवल्या. थांग घराण्यातले काही सम्राट असल्याच गोळ्या खाऊन मेले. उडत्या तलवारी आणि डोंगरावरचे सिद्ध यांना कादंबरीत लोकप्रिय केलं ते 1932 मध्ये तिआनजिनच्या वर्तमानपत्रात सुरू झालेल्या, शू (आजचा सिच्वान) प्रदेशातल्या तलवारबाजांच्या कथेने.

आपल्याला श्यानश्या परकी वाटू नये याला कारण आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झालेल्या योग्याचं शरीर नवं होतं, त्याला समुद्रापलीकडचं दिसतं, मुंगीच्या मनातलं कळतं. आणि चांगदेव? योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन आलेला सिद्ध. श्यानश्याच्या वाचकाला तो बघताक्षणी ओळखू येईल. आपली कथा मात्र त्याला वर चढवत नाही. कोरा कागद पाहून मुक्ताई म्हणते, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, आणि त्या लहान मुलीला तो गुरू करतो.

लांबीचा फरकही समजून घ्यायला हवा, कारण तिथेच पुष्कळ वाचक गळतात. जिन योंग रोजच्या अंकाची जागा भरत लिहायचे, पण 1955 ते 1972 या काळात पंधरा कथा लिहून ते थांबले आणि नंतर बसून सगळ्या पुन्हा तासल्या. छीत्येनवर 2003 पासून वाचक प्रकरणाचे पैसे मोजू लागला, हजार अक्षरांच्या हिशेबाने. रोज प्रकरण द्यायचं तर उद्याची पायरी तयार हवी. शिडी इतकी उंच होण्यामागे हेही एक कारण आहे. कोरियन वेबकथांतले 'लेव्हल' वाढवणारे शिकारी या शिडीचे नातलगच, फक्त त्यांच्यापुढे आकडे व्हिडिओ गेमसारखे हवेत दिसतात.

आता बळ थांबतं कुठे ते बघू. ग्वो जिंग पुढे आपल्या काळातल्या अव्वल दोन-चार जणांत मोडतो आणि तरीही श्यांगयांग या चिनी शहराच्या तटावर उभा राहून मंगोल फौज थोपवत राहतो, वर्षानुवर्षं. श्यांगयांग इतिहासात खरोखर 1273 मध्ये पडलं. जिन योंग इतिहास बदलत नाहीत. एक माणूस कितीही तगडा झाला तरी साम्राज्य अडवू शकत नाही, हे त्या कथेत वाचक आणि नायक दोघांनाही ठाऊक असतं, आणि तरी तो तिथून जात नाही. त्याआधी चंगेज खान त्याला त्याच्याच देशावर, चिनी सोंग राज्यावर, चालून जायला सांगतो तेव्हा त्याची आई त्याला बांधलेले दोर कापते आणि त्याला मोकळं करण्यासाठी स्वतःच्या छातीत सुरी खुपसते. त्याच्या बळामागे अशी माणसं उभी आहेत. ती सोडून तो वर जाईल कुठे?

हान लीला वर जायला जागा आहे. एक जग संपलं की दुसरं. पहिल्या भागाच्या अखेरीस, वाट पक्की झाल्यावर, तो आपल्या गावी येतो. त्या दिवशी धाकट्या बहिणीचं लग्न असतं. तो लांब उभा राहून वरात बघतो, आई-वडील ठीक आहेत एवढं पाहून घेतो, आणि कुणाला न भेटता निघून जातो.