अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिक-पूर्वजांचा शोध : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत आता अमेरिकन सुना आणि जावईही असतात, आणि कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढताना त्यांचे पूर्वज १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लढले होते काय, अशी विचारणा आमच्याकडे होते. हे काम सोपवण्यापूर्वी कृपया पुढील मजकूर वाचावा.

नुसत्या नावावरून शोध लागत नाही. नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळे सांभाळणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याची सैनिकांची नामसूची इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते आणि तीत सुमारे ६३ लाख नावे आहेत. मात्र एकाच माणसाचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगने पुन्हा पुन्हा येते, आणि जॉन स्मिथ तर शेकड्यांनी निघतात. म्हणून १८६० च्या जनगणनेच्या सुमारास कुटुंब कोणत्या राज्यात व काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) राहत होते, हे आधी कळवावे. स्वयंसेवकांच्या बहुतेक पलटणी राज्यवार उभारलेल्या होत्या आणि पलटणीच्या एका कंपनीत (तुकडीत) बहुधा एकाच परिसरातील माणसे असत, त्यामुळे गाव कळल्यास पलटण सापडणे बरेच सोपे होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी बहुतांशी केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्याने त्यांचा शोध वेगळ्या दप्तरात घ्यावा लागतो.

पलटण निश्चित झाल्यावर वॉशिंग्टन येथील नॅशनल अर्काइव्ह्ज या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून सैनिकाची सेवा-नोंद मागवता येते. हजेरीपटांवरून उतरवलेल्या कार्डांच्या या संचात भरती, आजारपण, कैद यांचा तपशील मिळतो. घरच्या माणसांविषयी मात्र जवळजवळ काहीच नसते. खरे घबाड आमच्या मते निवृत्तिवेतनाच्या फायलीत असते. विधवेला आपला विवाह आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत, त्यामुळे अशा फायलींत शेजाऱ्यांची शपथपत्रे आणि क्वचित घरच्या बायबलमधून काढून दिलेली जन्म-विवाहाच्या नोंदींची पानेही आढळतात. पूर्वी गुलामगिरीत असलेल्या कुटुंबांना इतरत्र न मिळणारी नाती येथे सापडू शकतात.

केंद्राचे हे निवृत्तिवेतन उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने लढलेल्या, सैनिकांसाठी होते. दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, सैनिकांना ते पुढे दक्षिणी राज्यांनी दिले, तेही सैनिक अर्ज करताना जेथे राहत होता त्या राज्याने. तेव्हा तो युद्धानंतर कोठे गेला, हे ठाऊक असावे लागते. एकाच बाजूची कागदपत्रे पाहून थांबणेही बरे नव्हे. या युद्धाचे अखेरचे निवृत्तिवेतन, दरमहा ७३.१३ डॉलर, २०२० पर्यंत ज्या मुलीला मिळत होते, तिचे वडील आधी दक्षिणेच्या सैन्यात होते आणि तेथून पळून पुढे उत्तरेच्या बाजूने लढले होते.

वय, गाव आणि नातेवाईक यांचा मेळ किमान दोन स्वतंत्र नोंदींत बसल्याखेरीज आम्ही कोणाचेही नाव वंशवृक्षात घालत नाही. पूर्वज पलटणीतून पळून गेल्याची किंवा त्याने गुलाम बाळगल्याची नोंद निघाली, तर ती अहवालातून वगळली जाणार नाही, हे काम सोपवतानाच मान्य असावे.