बी कधी टाकलंत ते राहू द्या, फळ कधी धरलं ते सांगा

आमच्या ओहायोत मार्च उजाडला की महाकाय भोपळे लावणारं ओळखीतलं कुणीतरी ऐकवतंच, ‘मी अटलांटिक जायंट (या भोपळ्यांचं वाण) टाकला पण! या वर्षी महिनाभर पुढे.’ कशाच्या पुढे, ते मात्र सांगता येत नाही. महाकाय भोपळ्याला दोन तारखा असतात, पेरणीची आणि फळधारणेची. वजनाचा हिशोब होतो तो दुसरीवर.

पेरणीचं तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात घरात, ३० अंशांच्या आसपासच्या उबेत बी टाकायचं. चार-पाच दिवसांत मोड येतो, दोनेक आठवड्यांत रोप प्लास्टिकच्या बोगद्याखाली जमिनीत जातं. मार्चमध्ये पेरलं, तर बाहेर माती गार असते आणि आत मुळं कुंडीच्या तळाशी वेटोळी घालत बसतात. मी हे एकदा केलंय. मे महिन्यात पेरलेल्या शेजारच्या रोपाने जूनमध्ये माझ्या वेलीला मागे टाकलं.

आता खरी भानगड. पाकिटावर ‘१२०–१३० दिवस’ छापलेलं असतं आणि माणसं बी टाकल्यापासून बोटं मोजतात. भोपळा मात्र परागीकरणाच्या सकाळपासून वाढतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तो सुसाट सुटतो. जोमदार वेलीवर दिवसाला १५–२० किलोसुद्धा चढतात. हे आठवडे उबदार रात्रींचे हवेत. २५ जूनला फळ धरलं, तर ही धाव जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, आणि १० ऑक्टोबरच्या भोपळ्यांच्या वजनस्पर्धेपर्यंत हातात १०७ दिवस. २० जुलैला धरलं, तर ८२च, शिवाय धाव ऑगस्टअखेर संपते. पुढे सप्टेंबरच्या गार रात्रींत राहिलेली वाढ रखडते.

मग पहिलंच फूल का धरू नये? कारण तेव्हा वेल असते पाच फुटांची. फळाला पोसायला पानं कुठायत? भोपळा मुळाजवळ फुगला की वेल उचलली जाते, देठावर ताण येतो, कधी तो फाटतोही. मुख्य वेल दहा-बारा फूट गेल्यावर येणारं मादी फूल धरायचं, त्याआधीचं बेलाशक खुडायचं. म्हणजे लवकर पेरायचं ते लवकर फळ धरायला नव्हे. जूनच्या शेवटी भरपूर पानांची वेल तयार असावी म्हणून.

तेही मधमाश्यांवर सोडू नका. मादी फूल एकच सकाळ उघडतं. पाकळ्यांखाली गोटीएवढा भोपळा असतो, त्यावरून ते ओळखू येतं. आदल्या संध्याकाळी त्याचं तोंड दोऱ्याने हलकंच बांधावं. सकाळी ताज्या नर फुलाच्या पाकळ्या सोलून पिवळी दांडी आतल्या प्रत्येक पाकळीवजा गाठीवर फिरवावी, पुन्हा बांधावं आणि देठाला तारखेची चिठ्ठी लावावी. पेरणीची तारीख वहीत राहिली तरी चालेल, ही वेलीवरच हवी.

२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे १,२४७ किलोंचा, त्या वेळचा विश्वविक्रमी भोपळा काट्यावर चढला, तो आला होता थंडगार मिनेसोटातून. तेव्हा ‘आमच्याकडे सीझनच छोटा’ हे रडगाणं माझ्यापुढे गाऊ नका.

मी १० जुलैनंतर नवं फळ धरत नाही. वेलीवर एकच ठेवतो. बाकीची मुठीएवढी झाली की खुडतो. कोवळ्या भोपळ्याची मोहरी-मिरचीच्या फोडणीवरची भाजी झकास होते.