तिसरीतल्या मुलाला सुचत नाही, असं नसतं

‘आमच्या मुलाला काही सुचतच नाही. निबंध म्हटला की तीन ओळींत आटोपतो.’ प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक ही तक्रार नेहमी करतात. गोव्यातल्या मराठी शाळांत मुलांबरोबर गोष्टींचे खेळ घेताना मला मात्र याच्या उलट दिसतं. त्याच मुलाला चतुर्थीच्या माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून सजवतात त्या चौकटीबद्दल विचारा. आजोबांबरोबर रानात काय काय शोधलं, कशाच्या झाडाला मुंग्या होत्या, हे सांगताना तो थांबत नाही. मग वहीत तीनच ओळी का उतरतात?

याचं कारण कार्यकारी स्मृतीत आहे. हातातलं काम होईपर्यंत माहिती तात्पुरती धरून ठेवणारी ही यंत्रणा मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडली. तिची जागा फार थोडी. नेल्सन कोवान यांच्या २००१ च्या मांडणीनुसार मोठ्या माणसालाही त्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी धरता येतात. लहान मुलांना त्याहून कमी. चोडण बेटाच्या फेरीबोटीत दोन ट्रक चढले की स्कूटरवाले धक्क्यावरच राहतात, तसं इथे होतं. ट्रक म्हणजे अक्षरं, आणि मागे राहते ती गोष्ट.

देवनागरीत अक्षरांचा हा भार कसा पडतो, ते ‘किर्र’ किंवा ‘सूर्य’ लिहिणाऱ्या मुलाकडे बघितलं की कळतं. ‘कि’ म्हणताना इकार नंतर येतो, पण वेलांटी काढायची आधी. ‘सूर्य’मध्ये र् ऐकू येतो य च्या आधी, पण रफार द्यायचा य लिहून झाल्यावर, त्याच्या डोक्यावर. म्हणजे तो र् तेवढा वेळ मनात धरून ठेवायचा. त्यात पहिला की दुसरा उकार, याचा निर्णय वेगळाच. आपला हात हे सगळं आपोआप करतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. तिसरीतल्या मुलाला प्रत्येक वेळी लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निसटतं. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला तर मराठी शब्दही शोधायचा असतो.

बोर्दँ आणि फायोल या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे सुंदर पद्धतीने तपासलं. शब्दांची यादी ऐकवायची आणि ती आठवून एकदा तोंडी, एकदा लिहून सांगायला लावायची. लहान मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. मोठ्यांना असा फटका बसला नाही. मग त्यांनी मोठ्यांना सवय नसलेल्या वळणाच्या कॅपिटल अक्षरांत लिहायला लावलं, आणि मोठ्यांचेही शब्द निसटू लागले! स्मरणशक्ती तीच होती, फक्त हाताची सवय काढून घेतली होती.

म्हणून आमचा खेळ आधी तोंडी चालतो. एकेक शब्द लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या काढायच्या. एका वर्गात ‘पोदेर’ (सायकलवरून पाव विकणारा) आणि ‘मगर’ निघाले. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, हे मुलांना माहीतच होतं. पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकून मगर वर का येते, असं विचारल्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘तिचे दांत दुखताले, तिका मोव पाव जाय आशिल्लो.’ (तिचे दात दुखत होते, तिला मऊ पाव हवा होता.) बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या नाहीत, कुणी ‘मराठीत बोल’ म्हटलं नाही. मग प्रत्येकाने वहीत पुढचं एकच वाक्य लिहायचं. चुकांना हात लावायचा तो दुसऱ्या दिवशी.

शब्द दोन आणि एकमेकांपासून लांबचे का? स्मृतीत शब्द जाळ्यासारखे जोडलेले असतात आणि एक जागा झाला की शेजारचेही जागे होतात, असं कॉलिन्स आणि लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये मांडलं. ‘पाऊस’ म्हटलं की छत्री, बेडूक, हिरवंगार शेत आपोआप येतात, म्हणून सगळ्या वर्गाचा निबंध एकसारखा होतो. पोदेर आणि मगर यांच्यात तयार वाट नसते. ती मुलांना स्वतः पाडावी लागते.

हे सगळं फुकट होतं. तरी ‘उजवा मेंदू जागवा’, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ अशा जाहिरातींवर पालक हजारो रुपये घालवतात, याचा मला राग येतो. मध्यमेंदू कुणाचाही बंद पडलेला नसतो. डोळ्यांच्या हालचालींसारखी कामं तो जन्मापासून करतोच. अशा वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. आणि डाव्या-उजव्या मेंदूच्या माणसांबद्दल म्हणाल, तर युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एकाच बाजूचा मेंदू वरचढ असलेली माणसं त्यांना सापडली नाहीत.

वयानुसार खेळ मात्र बदलावा लागतो. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी १९९० मध्ये मुलांना ‘कुठेच नसलेलं घर’, ‘कुठेच नसलेला माणूस’ काढायला सांगितलं होतं. चार ते सहा वर्षांच्या मुलांनी आकार बदलले, एखादा भाग गाळला. आठ ते दहा वर्षांची मुलं दुसऱ्याच जातीच्या वस्तूचे भाग आणून जोडू लागली. म्हणून पहिलीत मी दोन चिठ्ठ्या काढत नाही. तिथे एकच प्राणी घ्यायचा आणि विचारायचं, ‘याला शेपूटच नसती तर?’ चिठ्ठ्यांचा खेळ तिसरीपासून.