चावायची की नुसती ठेवायची?

चावणे म्हणजे नेमके काय? हा प्रश्न २०१८ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे आला, आणि तोही अगदी गंभीरपणे. जर्मनीतल्या केम्प्टन शहराच्या प्रशासनाने दोन तंबाखू पदार्थांची विक्री रोखली होती. एक घट्ट लगद्यासारखा, दुसरा बारीक कापून छोट्या सच्छिद्र पिशव्यांत भरलेला. विक्रेत्याचे म्हणणे, ही चघळायची तंबाखू आहे. प्रशासनाचे म्हणणे, हिला चघळावे लागतच नाही, तोंडात नुसती ठेवली तरी काम होते. न्यायालयाने निकाल दिला की चावल्याशिवाय जी नीट घेताच येत नाही, तिलाच चघळायची तंबाखू म्हणायचे.

एवढा काथ्याकूट करण्याचे कारण १९९२ चा युरोपीय नियम. त्याने तोंडात ठेवायच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, पण चघळायच्या तंबाखूला आणि नाकात ओढायच्या तपकिरीला वगळले. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात आला तो सवलत घेऊनच, कारण तिथे स्नूस घरोघरी. स्नूस म्हणजे ओलसर, बारीक दळलेली तंबाखू. चहाच्या पिशवीसारखी इवलीशी पुडी वरच्या ओठाखाली सरकवायची. थुंकायची गरज नाही. चपटी गोल डबी फ्रिजमध्ये ठेवतात आणि तिच्या झाकणात वापरलेल्या पुड्या टाकायला वेगळा खण असतो. शेजारच्या फिनलंडमध्ये हीच डबी विकायला बंदी, पण २०१६ च्या कायद्यानुसार प्रवाशाला स्वतःपुरते दिवसाला एक किलो आणता येते. एक किलो म्हणजे चाळीसहून अधिक डब्या. ‘स्वतःपुरते’ या शब्दाला किती ताण द्यायचा तो द्या!

खरी गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये स्नूस विकता येत नाही, जर्दा मात्र विकता येतो, कारण जर्दा चघळतात. कायदा विचारतो, तोंडात गेल्यावर तुम्ही तिचे काय करता? रसायनशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: तिच्यात आहे काय?

तंबाखू चुन्याबरोबर का मळतात, याचे उत्तरही त्यातच आहे. आम्लधर्मी लाळेत निकोटिनच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि असा रेणू गालाच्या आतल्या त्वचेतून सहज पार होत नाही. चुन्याने अल्कधर्म वाढला की भार निघून जातो आणि निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते. जगभरच्या माणसांनी रसायनशास्त्र न शिकता हे शोधून काढले. सुदानमधल्या तूंबाकमध्ये खाण्याचा सोडा घालतात, अलास्कातल्या इक्मिकमध्ये राख. स्नूसमध्येही सोड्याचाच भाऊबंद असतो.

कर्करोगाला मुख्यतः जबाबदार आहेत ती नायट्रोसअमाइन्स. पान वाळवताना, आंबवताना आणि साठवताना जिवाणू त्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात, ते तंबाखूतल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांशी जुळते आणि ही संयुगे तयार होतात. स्वीडनमध्ये तंबाखू आंबवत नाहीत, वाफेने तापवतात. जिवाणू मरतात, पुढे थंडीत ठेवल्याने नायट्राइट होण्याची साखळी अडते. आंबवलेल्या तूंबाकमध्ये मात्र याच संयुगांचे प्रमाण स्नूसच्या शेकडो पट सापडले आहे. स्नूस निर्धोक असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू सरसकट पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, ठेवली आहे. आणि व्यसन तर सगळ्यांचेच लागते.

प्रमाणावर बोट ठेवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये एका नायट्रोसअमाइनला मर्यादा सुचवली: कोरड्या तंबाखूच्या ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम. नियम सुचवण्यापुरताच राहिला. २०१९ मध्ये त्याच प्रशासनाने एका स्वीडिश स्नूसला, सिगारेटऐवजी हे वापरल्यास कर्करोगासह काही आजारांचा धोका कमी, असे जाहिरातीत म्हणण्याची मुभा दिली. स्वीडन सोडून युरोपीय संघात जे विकणेच गुन्हा, ते अमेरिकेत ‘कमी धोक्याचे’!

भारताने तिसरीच वाट धरली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमानुसार कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही. गुटखा हा खाद्यपदार्थ धरला, की बंदी आपोआप लागू. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये सुरुवात केली, महाराष्ट्राने त्याच जुलैमध्ये. उत्पादकांनी उत्तर दोन पुड्यांत दिले: एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. एकत्र विकले तर गुन्हा, म्हणून मिसळायचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते.

भूतानने तर २००४ मध्ये सगळ्याच तंबाखूची विक्री बंद केली. चघळायची तंबाखू बाळगल्याबद्दल २०११ मध्ये एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली तेव्हा जगभर चर्चा झाली. २०२१ मध्ये बंदी उठली.

आता बाजारात निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या आल्या आहेत. आकार स्नूसचा, जागाही ओठाखालचीच, पण आत तंबाखूचे पान नाही, म्हणून १९९२ ची व्याख्या लागूच पडत नाही. बेल्जियमने ऑक्टोबर २०२३ पासून त्या थेट बंद केल्या. जर्मनीने मात्र त्यांना परवानगी नसलेला नवा खाद्यपदार्थ ठरवले. गिळायची नसलेली, चावायचीही नसलेली पुडी तिथे अन्न म्हणून अडवली जाते.